पंचांसमक्ष

गावाचं नाव सांगत नाही. दारव्ह्याच्या वाटेवर आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर किसनराव अब्रुनुकसानीचा दावा लावतील, आणि तो लावायला माझ्याकडेच येतील, कारण गावात वकील मी एकटीच. शिवाय त्यांच्या शेजारची. लहानपणी त्यांच्या ओट्यावर मी सागरगोटे खेळले आहे, विमलकाकूंच्या हातची ज्वारीची भाकर खाल्ली आहे. त्यामुळे या माणसाविषयी वाईट बोलायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही.

किसनराव पंच आहेत. कबड्डीचे नव्हेत, गावकीचेही नव्हेत, पोलिसांचे. कायदा असा की पोलिसांनी कुणाच्या घराची झडती घेतली, तर त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी तिथे हजर हवेत. त्यांनी डोळ्यांनी बघायचं, पोलिसांनी लिहिलेलं खरं आहे का ते पडताळायचं आणि मग पंचनाम्यावर सही करायची. पोलिसांच्या डोळ्यांवर आणखी कुणाचे तरी डोळे असावेत, इतका साधा विचार. आमच्या ठाण्याने तो विचार किसनरावांच्या हवाली केला आणि हात झटकले.

याची सुरुवात एका हरवलेल्या बैलापासून झाली म्हणतात. किसनराव तेव्हा तरुण होते. बैल हरवल्याची तक्रार द्यायला ते ठाण्यात गेले, तर जमादाराला कुठल्याशा जप्तीसाठी दुसरा पंच मिळत नव्हता. त्याने किसनरावांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि सही घेतली. बैल दोन गावं पलीकडे आपोआप सापडला, पण किसनराव काही त्या खुर्चीवरून उठले नाहीत. ठाण्यात सगळी दुनिया हात जोडून उभी असते आणि आपण बसलेलो असतो, हे सुख त्यांना आयुष्यभर पुरलं. शेत बटईनं देऊन टाकलं. सकाळी अंघोळ, पूजा, मग ठाण्यासमोरच्या हॉटेलात बैठक. जमादाराने खिडकीतून हात केला की हे उठणार, जाऊन सही करणार आणि परत येऊन अर्धा राहिलेला चहा पिणार.

जागेवर जायची गरज त्यांना कधी पडली नाही. दारूचा अड्डा असो, जुगार असो, चोरीचा माल असो, किसनराव सगळीकडे हजर होते आणि कुठेच गेले नव्हते. पंचनाम्याची भाषा मात्र त्यांच्या अंगात इतकी मुरली की जेवायला बसले तरी काकूंना म्हणायचे, "सदर वरणात मीठ कमी असल्याचे दिसून आले." काकू त्यांच्या ताटात मीठ आपटायच्या. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी स्वतःच्या नावापुढे 'प्रतिष्ठित पंच (फौजदारी)' असं छापून घेतलं. कायद्यात 'प्रतिष्ठित' हा शब्द आहे म्हणजे सरकारने ती पदवी आपल्याला दिली आहे, अशी त्यांची पक्की समजूत. लग्नानंतर त्याच मजकुराची एक पाटी दारव्ह्याहून रंगवून आणली आणि घराच्या दर्शनी भिंतीवर ठोकली. त्यांच्या सहीवर किती माणसं आत गेली याचा विचार त्यांनी केल्याचं मला तरी माहीत नाही.

मग नवे फौजदारी कायदे आले. भारतीय न्याय संहिता आणि तिच्याबरोबरचे दोन. त्या पावसाळ्यात यवतमाळला एका सभागृहात मार्गदर्शन शिबिर झालं. आम्हा वकिलांना बोलावणं होतं, पोलीस होते, आणि पुढच्या रांगेत जाकीट घालून किसनराव होते. त्यांना कुणी बोलावलं होतं देव जाणे. बहुधा प्रतिष्ठित म्हणून आले असतील.

वक्ते मोठ्या शहरातले प्राध्यापक होते. गृहस्थ हुशार, पण आयुष्यात एकदाही तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहिले नसावेत. शिक्षा का द्यायची यावर तासभर बोलले. सूड म्हणून, धाक म्हणून, की माणूस सुधारावा म्हणून? पडद्यावर नॉर्वेतल्या तुरुंगाची चित्रं दाखवली. कैद्याच्या खोलीला खिडकी, खिडकीबाहेर झाडं. माझ्या शेजारचा हवालदार म्हणाला, "मॅडम, आपल्या क्वार्टरले अशी खिडकी भेटली असती तं." न्यूझीलंडात म्हणे अल्पवयीन पोरानं गुन्हा केला की त्याचे घरचे आणि ज्याचं नुकसान झालं ते, असे सगळे गोल करून बसतात आणि झालेलं समोरासमोर बोलतात. स्कॉटलंडात तर दोषी आणि निर्दोष यांच्या मधला तिसराच निकाल असतो, 'सिद्ध झालं नाही'. पण त्यामुळे सुटलेल्या माणसावरचा डाग जात नाही म्हणून तो निकाल आता काढून टाकायचं तिथे घाटतं आहे. मला तेव्हा हे सगळं भरल्या पोटाचं बोलणं वाटलं. इथे साक्षीदार धडपणे कोर्टात पोचत नाही आणि यांना तिसऱ्या निकालाची पडली आहे!

शेवटी प्राध्यापक ज्यूरीवर आले. इंग्लंड-अमेरिकेत बारा साधे नागरिक बसून आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवतात. आपल्याकडेही पूर्वी ही पद्धत होती, नंतर बंद झाली. हे ऐकताच किसनराव ताठ झाले. हात वर केला.

"म्हणजे तिकडं बारा पंच असतात?"

"पंच म्हणा हवं तर," प्राध्यापक कौतुकाने हसले.

"मंग त्या बाराईले सही कुठी करा लागते?"

"सही नाही. त्यांनी सगळा खटला ऐकायचा आणि स्वतः ठरवायचं."

"ऐकाचा? म्हणजे पूरा येळ तिथीच बसा लागते?"

"अर्थात."

किसनराव हळूच खाली बसले. जगात असाही जुलूम होतो, हे त्यांना नवीन होतं. सभागृह हसलं, मीही हसले. पुढच्या दिवाळीत माझं ते हसू जिरलं.

दिवाळीच्या तोंडावर गावातल्या एका शेतातली पाण्याची मोटार चोरीला गेली. चार दिवसांनी ती गावाबाहेरच्या बंजारा तांड्याच्या वाटेवरच्या नाल्यात पोत्यात गुंडाळलेली सापडली. कुणी टाकली ते आजही माहीत नाही. पण नाला तांड्याकडे जाणारा, म्हणून चोर तांड्यातला. इंग्रजांनी आख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. स्वातंत्र्यानंतर तो रद्द झाला, पण आमच्या गावाच्या डोक्यातून त्याला कुणी रद्द केलेलं नाही. पोलिसांनी तांड्यातल्या गंगीच्या पोराला, शामला उचललं, कारण तो त्या वाटेवर जीप चालवायचा आणि रोज नाल्यावरून जायचा.

शाम वीस-बावीसचा. बाप नाही. दारव्ह्याच्या बाजारच्या सवाऱ्या भरायचा, मालकाला हिशेब चोख द्यायचा. फुलसावंगीकडच्या एका तांड्यातल्या पुष्पाशी त्याचं लग्न ठरलं होतं, साखरपुड्याचा गूळ वाटून झाला होता. पंचनाम्यात मात्र लिहिलं होतं, 'आरोपीच्या घरामागील पूर्वाभिमुख गोठ्यात कडब्याखाली लपवलेली मोटार आम्हा पंचांसमक्ष जप्त करण्यात आली.' खाली किसनरावांची वळणदार सही. दुसरा पंच हॉटेलवाला, तो नंतर हॉटेल दुसऱ्याच्या हवाली करून सुरतेला गेला.

गंगी माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती, चिडलेली होती. "बाई, गोठा कोणता? आमच्या घरामागं तं दगडच हाये. बकऱ्या मी कडुनिंबाखाली बांधतो. हा गोठा कोणं बांधला ते तरी इचारा त्याईले."

मी तडक शेजारी गेले. किसनराव ओट्यावर पान लावत होते.

"काका, खरं सांगा. तुम्ही तांड्यात गेला होता?"

"पोरी, तू वकील हायेस ना?" ते शांतपणे म्हणाले. "मी गेलतो का नाही, हा सवालच नाही. पंचनाम्यात मी गेलो हावो. खतम."

"त्या पोराचं काय?"

"चोरी केली असन तं भोगीन. नसन केली तं सुटन. कोर्ट कायले हाये मंग?" आणि पान तोंडात टाकलं. माझ्या हातात तेव्हा काताची डबी असती तर मी ती त्यांच्या डोक्यात घातली असती. संताप झाला, पण ओट्यावर बसून बोललेल्या गोष्टीचा कोर्टात काडीचा उपयोग नव्हता.

जामीन मंजूर झाला, पण जामीनदार सातबारावाला हवा होता. तांड्यातल्या पोरासाठी गावातला एकही सातबारा घराबाहेर निघाला नाही. तांड्यातल्यांचे पोलिसांनी पडताळणीच्या नावाखाली अडवून धरले. शाम आत राहिला तो दिवाळीपासून पोळ्यापर्यंत. मध्ये होळी आली. तांड्याची होळी म्हणजे रात्रभर लेंगी गाणी. त्या वर्षी गंगीच्या दारापुढे कुणी गायलं नाही.

नव्या कायद्यात एक कलम माझ्या उपयोगाचं होतं. झडती-जप्तीचं मोबाईलवर चित्रीकरण करून ते कोर्टाकडे पाठवलंच पाहिजे. मी त्याची प्रत मागत राहिले आणि 'देऊ, देऊ' ऐकत राहिले. साक्षीच्या आदल्या आठवड्यात प्रत हातात पडली. घरी लावून पाहिली आणि खुर्चीतून उठून उभी राहिले. परत पाहिली. मग अंगाचा तिळपापड झाला. या एवढ्याशा तुकड्याकडे दहा महिने एकाही माणसाने बघितलं नव्हतं! काढणाऱ्याने नाही, पाठवणाऱ्याने नाही, ठेवून घेणाऱ्याने नाही.

साक्षीला किसनराव तेच जाकीट घालून आले. शपथ झाली. सरकारी वकिलांनी विचारलं आणि किसनराव पंचनामा पाठ म्हणून मोकळे झाले.

माझी पाळी आली. "गोठ्याचं तोंड कुठे होतं?"

"पूर्वेले."

"गोठ्यात काय बांधलं होतं?"

"ढोरं होती."

"त्या घरामागे गोठाच नाही, असं मी तुम्हाला सांगितलं तर?"

"तुम्ही सांगसान. मी पाह्यला. माया समक्ष हाये सगळं."

मी कोर्टाला चित्रीकरण लावायची विनंती केली. पडद्यावर आधी अंधार आणि किसनरावांचा आवाज. "पाटी येऊन राह्यली का? जरा मांगं हो ना बे. 'प्रतिष्ठित' पूरं आलं पाह्यजे." शिपायाचा आवाज: "आलं जी काका, बोला." मग उजेड झाला. पोत्यावर मोटार, मोटारीमागे जाकिटातले किसनराव, आणि किसनरावांमागे त्यांच्या स्वतःच्या घराची निळी भिंत, तिच्यावर ती पाटी. एक अक्षर सुटलं नव्हतं. "आज रोजी आरोपी शाम याच्या गोठ्यातून..." असं ते गंभीरपणे सांगत होते आणि आतून विमलकाकू ओरडत होत्या, "अवो, चहा आतमधी देऊ का बाहीर?"

शामने मान वर करून पडद्याकडे पाहिलं. त्याला बहुधा कळतच नव्हतं की यात हसायचं काय आहे, कारण सगळं कोर्ट हसत होतं.

न्यायाधीशांनी विचारलं, "ही पाटी कुठे आहे?"

आणि या माणसाने छाती पुढे काढून उत्तर दिलं, "मायाच घरावर, साहेब. दारव्ह्याहून रंगवून आणली."

मी रात्री जागून उलटतपासणीचे पंधरा प्रश्न काढले होते. बाकीचे खिशातच राहिले. कायद्याचं शास्त्र, सुधारणा, जगभरचे दाखले, काही लागलं नाही. एका माणसाच्या पाटीच्या हौसेने खटला निकाली निघाला.

निकालात मात्र लिहिलं होतं, 'आरोपीस संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्त करण्यात येते.' संशय कसला? कशाचा? भिंत निळी होती, पाटी वाचता येत होती, चहाची हाक ऐकू येत होती. पण निकाल लिहायची एक रुळलेली वाट असते आणि लिहिणारा हात त्या वाटेने जातो. मी शामला म्हटलं, "सुटलास." त्याने कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "बाई, संशय म्हणजे मंग हायेच का अजून?"

होताच. जीपमालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. म्हणाला, सुटला ते ठीक, पण संशयावर सुटला. पुष्पाचा बाप फुलसिंग याने निरोप पाठवला की पोरीचं लग्न थोडं थांबवू. थोडं थांबवू म्हणजे मोडलं, हे सगळ्यांना कळतं. स्कॉटलंडच्या त्या तिसऱ्या निकालाची मला तेव्हा आठवण झाली, आणि प्राध्यापकांना मनातल्या मनात दिलेल्या शिव्या मी परत घेतल्या. निदान निम्म्या.

इकडे किसनरावांना काय झालं? काही नाही. खोटी साक्ष दिली म्हणून कारवाई करा असा अर्ज मी दिला, तो कुठेतरी धूळ खात आहे. हे महाशय परत हॉटेलात बसले आणि सांगू लागले, "पोट्टा सुटला कोणामुळं? मायामुळं. मी पाटी घेतली नसती तं सडला असता तिथीच." चार-दोन लोकांनी मान डोलावली. आमच्या गावात मान डोलवायला फार विचार लागत नाही.

हे गंगीच्या कानावर गेलं. ती माझ्याकडे आली. "त्याईले तांड्यात आणता का, बाई? नायकाले सांगून मी नसाब बसवली हाये. फुलसिंगबी येऊन राह्यला." नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, आणि नसाब म्हणजे तांड्याची न्यायाची बैठक. मी किसनरावांना एवढंच सांगितलं की तांड्याने तुम्हाला बोलावलं आहे, लोक जमणार आहेत. यात खोटं काही नव्हतं.

"हार असन?" त्यांनी विचारलं.

"लोक बरेच असतील, काका."

त्यांनी जाकीट काढलं, विमलकाकूंकडून इस्त्री करून घेतलं आणि माझ्या स्कूटीवर मागे बसले. नाला ओलांडताना म्हणाले, "इतका लांब हाये का हा तांडा?" मी दात आवळून गाडी चालवत राहिले.

गंगीच्या घरापुढे लोक गोल बसले होते. बाया एका बाजूला, म्हातारे चटईवर, मध्ये धावजी नायक. शाम कडुनिंबाच्या बुंध्याशी उभा होता. किसनरावांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि खुर्ची कुठे दिसते का ते पाहिलं. खुर्ची नव्हती. हारही नव्हता. ते उभेच राहिले.

गंगी उठली. पदर खोचला. "किसनरावजी, तुमी आमचा गोठा पाह्यला म्हणता. मी नांदाले आली तशी इथंच राहून राह्यली, मले तं काही दिसला नाही. जरा दाखवा."

किसनराव हसले. कुणीच हसलं नाही. मग ते घराच्या मागे गेले. आम्ही वाट पाहिली. मागे दगडाचा उतार आहे, त्यावर बकरीसुद्धा नीट उभी राहत नाही. ते दुसऱ्या बाजूने बाहेर आले, परत एक चक्कर मारली. जाकीट पाठीवर ओलं झालं होतं.

"पडला असन," ते म्हणाले.

"मंग दगड-माती तरी दाखवा," गंगी म्हणाली. "पूर्वेले तोंड होतं म्हणे."

"बाई, ते तसं लिहाची रीत असते."

"रीत मले नाही समजत. तुमी आलते का नाही?"

किसनराव माझ्याकडे बघायला लागले. मी स्कूटीची किल्ली बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला एका जागेवर पूर्ण वेळ उभं राहायला लागत होतं. धावजी नायकांनी घाई केली नाही. कुणीच केली नाही.

"नाही आलतो," शेवटी ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "मी इथं आजच येऊन राह्यलो. मोटार मायाच आंगणात आणून ठेवलती त्याईनं. पोराच्या घरातून काही निंघालं ते मी पाह्यलं नाही."

"मोठ्यानं," नायक म्हणाले.

किसनरावांनी ते मोठ्याने सांगितलं.

गंगी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "एवढंच होतं ना? एवढंच बोलाचं होतं. मंग दिवाळीले काहून नाही बोलले?"

शामने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि किसनरावांसमोर ते आलं याचाच मला राग आला.

फुलसिंग चटईवरून उठला, धोतर झटकलं. गंगीकडे बघून म्हणाला, "समधण, चाय ठेव." समधण म्हणजे विहीण. बायांच्या बाजूला एकदम गलका झाला आणि कुणीतरी शामला ओढत मध्ये आणलं.

त्या गलक्यात किसनरावांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांनी जाकिटाच्या खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि नायकांजवळ जाऊन अदबीने विचारलं, "सही कुठी करू?"

"इथं सही नसते," धावजी नायक म्हणाले. "तुमी बोलले, लोकाईनं आयकलं. झालं."

किसनरावांना ते पटलं नसावं. उघडं पेन हातात धरून ते बराच वेळ कागद शोधत उभे होते.